मूठभर मांस नेमकं कुठे चढतं?

कुणी कौतुक केलं की अंगावर मूठभर मांस चढतं, असं आपण म्हणतो. ते कुठे चढतं हे २००८ साली जपानी संशोधक केइसे इझुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ दाखवूनच दिलं. मेंदूचा कोणता भाग कधी कामाला लागतो हे दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपलेल्या माणसांना त्यांनी एकदा खेळात पैसे जिंकू दिले आणि एकदा त्यांच्याबद्दलची इतरांची चांगली मतं वाचायला दिली. दोन्ही वेळा मेंदूच्या आत खोलवर असलेला ‘स्ट्रायेटम’ हा एकच भाग जागा झाला. मेंदूच्या लेखी स्तुती ही कमाईच.

आता ही कमाई खोट्या नाण्यांची असेल तर? ते नाणं मेंदू परत करत नाही, निदान लगेच तरी नाही. १९९७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या फॉग आणि नास या संशोधकांनी लोकांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. खेळ सुधारण्यासाठी लोक सूचना करत आणि संगणक त्यांना शाबासकी देई. काहींना आधीच सांगून ठेवलं होतं की या शाबासकीचा तुमच्या सूचनांशी काडीचाही संबंध नाही. तरी तीही मंडळी खूश झाली, ज्यांना शाबासकी खरी वाटत होती त्यांच्याइतकीच. बरं, समोर माणूससुद्धा नव्हता.

ही खुशामतीची अगदी शुद्ध, गाळीव आवृत्ती होती, आणि खुशामत ओळखायची खूण मला तिच्यातच दिसते. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे हे आपल्याला कळत नाही; तोही ते स्वतःशी कबूल करतोच असं नाही. त्यापेक्षा असं विचारावं: माझं काम वाईट झालं असतं तर याचे शब्द बदलले असते का? बदलले असते, तर त्या कौतुकात माझ्या कामाबद्दल काही माहिती आहे. नसते, तर ती माझ्या पदाला, पैशाला किंवा मताला केलेली आरती आहे.

पण हा प्रश्न दुसऱ्यांसाठी आपल्याला झटकन सुचतो, स्वतःसाठी नाही. साहेबापुढे ‘हांजी हांजी’ करणारा बाकीच्यांना लांबूनच कळतो. डच मानसशास्त्रज्ञ रूस व्होंक यांच्या प्रयोगांत हेच दिसलं: स्तुती करणाऱ्याचा हेतू बघ्यांना खटकतो, जिची स्तुती चालली आहे त्या व्यक्तीला मात्र तोच माणूस बरा वाटतो. साहजिक आहे. आपल्याबद्दलचं चांगलं मत आपण आधीपासूनच बाळगून असतो. दुसऱ्याने ते बोलून दाखवलं की तो खोटारडा न वाटता पारखी वाटतो.

याची किंमत मोठ्या खुर्चीत जास्त पडते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांवरचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्याभोवती स्तुतिपाठक आणि होयबा अधिक होते, त्यांचा स्वतःच्या निर्णयक्षमतेवरचा विश्वास फुगलेला होता. कंपनीची कामगिरी घसरली तरी ते धोरण बदलायला कमी तयार होत, आणि पुढे त्यांची खुर्ची जाण्याची शक्यताही वाढे. हरभऱ्याचं झाड जेमतेम गुडघ्याएवढं असतं. त्यावर चढवलेल्या माणसालाच ते दिसत नाही.

मनापासूनचं कौतुकही निर्धोक नाही. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली कोडी सोडवणाऱ्या काही मुलांना ‘हुशार आहेस’ म्हटलं, तर काहींना ‘मेहनत घेतलीस’. पुढची कोडी अवघड निघाल्यावर ‘हुशार’ मुलं लवकर खचली. इतकंच नव्हे, आपले गुण इतर मुलांना कळवताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. हुशारी म्हटली की ती राखावी लागते.

फॉग आणि नास यांच्या संगणकाला खुशामत शिकवावी लागली होती. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटी या आपल्या गप्पा मारणाऱ्या एआयचं एक अपडेट काही दिवसांतच मागे घेतलं, कारण तो नको तिथेही मान डोलवू लागला होता. कंपनीने नंतर जी कारणं दिली, त्यांत एक असं होतं की त्याला शिकवताना, वापरणारे लोक उत्तर आवडल्यावर जो अंगठा देतात त्याला जास्त वजन मिळालं. या यंत्राला ना बढती हवी होती ना मर्जी. आपण कुठे अंगठा उचलतो, एवढंच ते बघत होतं.