बॅरोनेटच्या रोलवर नाव चढवायचंय? आधी निपुत्रिक काकांचे कागद शोधा

बॅरोनेट हा ब्रिटनचा वंशपरंपरेने चालणारा किताब, आणि रोल म्हणजे त्याची अधिकृत नोंदवही. तिच्यात नाव चढवण्यासाठी केलेला अर्ज परत आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पण मी त्या बॅरोनेटचाच पणतू आहे, हे तर तपासणाऱ्यांनाही मान्य आहे ना?" मान्य असतं हो. अडचण तुमची नसतेच. अडचण असते ती तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाची. तो ऐन तारुण्यात बोटीत बसून कॅनडाला गेला आणि पुन्हा त्याचं पत्रही आलं नाही. तो कधी वारला, लग्न केलं होतं का, मुलगा होता का? तीन प्रश्न, आणि तिन्हींची उत्तरं कागदावर हवीत. "आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, ते अविवाहित होते" हे उत्तर चालत नाही. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे हेलपाटे घातलेल्या कोणालाही यात काही नवं वाटणार नाही.

इंग्रज घराण्यांच्या वंशावळीसाठी मी इकडच्या जुन्या नोंदी शोधून देतो. त्यामुळे असे परत आलेले अर्ज अधूनमधून माझ्या टेबलावर येतात. चुका त्याच त्या असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

बॅरोनेट हा किताब पहिल्या जेम्स राजाने १६११ साली काढला. आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टरमध्ये सैन्य ठेवायला पैसे हवे होते. तीस शिपायांचा तीन वर्षांचा खर्च, म्हणजे १,०९५ पौंड, द्या आणि नावामागे पिढ्यानपिढ्या "सर" लावा, असा रोखठोक सौदा होता. बॅरोनेट हा लॉर्ड नव्हे, आणि या किताबाने उमरावांच्या सभागृहात जागा मिळत नाही. नाइटचा "सर" त्याच्याबरोबर संपतो, बॅरोनेटचा मुलाकडे जातो, इतकाच मोठा फरक. मुंबईकरांना हे नवं नाही. सर जमशेटजी जीजीभॉय १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, सर दिनशा पेटिट १८९० मध्ये. नव्याने दिलेला अगदी शेवटचा बॅरोनेटचा किताब म्हणजे मार्गारेट थॅचर यांचे पती डेनिस यांचा, १९९० सालचा.

एकोणिसाव्या शतकात स्वतःच स्वतःला "सर" म्हणवून घेणारे इतके वाढले की १९१० मध्ये राजाज्ञेने अधिकृत रोल सुरू झाला. ही नोंदवही आता न्याय मंत्रालयाच्या ताब्यात असते. इंग्लंडच्या किताबांचे पुरावे लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडून, म्हणजे कुलचिन्हं आणि वंशावळी सांभाळणाऱ्या संस्थेकडून तपासले जातात, स्कॉटलंडच्या किताबांचे तिथलं तेच काम पाहणाऱ्या लॉर्ड लायन या अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडून. वडील वारले त्या क्षणी तुम्ही कायद्याने बॅरोनेट होता, पण रोलवर नाव चढेपर्यंत कुठल्याही सरकारी कागदावर तुम्हाला बॅरोनेट म्हणता येत नाही.

अर्ज करण्याआधी मूळ सनद वाचा. हे कोणी करत नाही. वारसा कोणाकडे जाणार हे सनदेत लिहिलेलं असतं. साधारण मजकूर असा, की पहिल्या बॅरोनेटच्या कायदेशीर विवाहातून जन्मलेले पुरुष वारस, थोरल्या पातीकडून धाकट्या पातीकडे. मुलीकडून आलेला नातू यात बसत नाही. दत्तक मुलगा बसत नाही. आणि लग्नाआधी जन्मलेला मुलगा आईबापांनी नंतर लग्न केलं तरी इंग्लंडच्या किताबाला बसत नाही. १९२६ च्या कायद्याने अशी मुलं औरस ठरू लागली हे खरं, पण किताब त्यातून मुद्दाम वगळले आहेत. स्कॉटलंडचा नियम वेगळा आहे, तिथे अशी मुलं चालतात. म्हणजे आधी किताब कुठला ते पाहा. काही सनदांत वेगळा क्रम दिलेला असतो, आणि तो न वाचता केलेली वंशावळ कितीही सुंदर काढली तरी फुकट जाते.

आता कागद. तुमचा जन्मदाखला, आईवडिलांचा विवाहदाखला, आधीच्या बॅरोनेटचा मृत्यूदाखला. आधीच्या बॅरोनेटचं नाव रोलवर असेल आणि तुम्ही त्याचे थोरले चिरंजीव असाल तर एवढ्यावर काम होतं. इथेही एक खड्डा आहेच. इंग्लंडमध्ये जन्मदाखला दोन प्रकारचा मिळतो, आखूड आणि पूर्ण. आखूड दाखल्यावर आईबापाचं नावच नसतं. लोक तोच पाठवतात, कारण लहानपणापासून घरात तोच असतो. पूर्ण दाखल्याची प्रमाणित प्रत मागवा, झेरॉक्स नको. आणि लग्नाची तारीख जन्मतारखेच्या शेजारी ठेवून स्वतः एकदा पाहा, कारण तपासणारा ती पाहणारच आहे. तुमच्याआधी थोरला भाऊ होऊन गेला असेल, अगदी चार दिवसांचा होऊन गेलेला असला तरी, त्याचा मृत्यूदाखला जोडा.

वारसा काकाकडून पुतण्याकडे किंवा चुलत घराकडे आला की खरी कसोटी. तुमच्याआधी ज्याचा हक्क लागला असता त्या प्रत्येक पुरुषाचा हिशेब द्यावा लागतो: तो वारला, आणि त्याच्या मागे औरस मुलगा राहिला नाही. मृत्यूदाखल्याने पहिली अर्धी गोष्ट सिद्ध होते. दुसऱ्या अर्ध्याचा दाखला जगात कुठलंच कार्यालय देत नाही. "मुलगा नव्हता" असा शिक्का कोण मारणार? म्हणून तो पुरावा आडवाटेने गोळा करावा लागतो. मृत्युपत्र सगळ्यात उपयोगी. माणसाने सगळी मिळकत पुतणीला दिली आणि मुलाचा उल्लेखच नाही, तर ते बोलकं असतं. १८५८ च्या आधीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत नोंदली जात. त्यांपैकी कँटरबरीच्या न्यायालयातली लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्याला जनगणनेच्या नोंदी, थडग्यावरचा मजकूर, वर्तमानपत्रातली निधनवार्ता यांची जोड द्या. शेवटी कुटुंबातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र. ते माणूस हयात असतानाच करून घ्या. मावशी रुग्णालयात गेल्यावर लोकांना हे सुचतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून. त्याआधी चर्चच्या वह्या. त्या १५३८ पासूनच्या असल्या तरी सगळीकडच्या टिकलेल्या नाहीत. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा असतो, जन्म नव्हे. पाळणा आणि बाप्तिस्मा यांत कधीकधी वर्षांचं अंतर असतं, आणि थोरला-धाकटा ठरवताना तेच अंतर नडतं.

अशा हरवलेल्या पुरुष वारसांच्या शोधातच ही मंडळी आमच्याकडे, हिंदुस्थानातल्या नोंदींकडे, वळतात. धाकटे मुलगे फौजेत किंवा कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात यायचे. कोणी खडकीला वारला, कोणी देवळालीला. त्यासाठी विमान पकडून मुंबईत येण्याची गरज बहुधा नसते. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती त्या काळीच लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, बंगाल आणि मद्रासच्याही. आधी तिथे बघा. तिथे नाव सापडलं नाही किंवा अक्षर लागलं नाही, तरच इथल्या चर्चची मूळ वही. आणि दफनाची नोंद मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. साहेब मेला हे तिने कळतं, साहेबाने इकडे लग्न केलं होतं का हे कळत नाही. विवाहाची वहीही चाळावीच लागते, आणि त्यात काही सापडलं नाही तर कुठली वही कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत पाहिली हे लिहून द्यावं लागतं. "शोधलं, मिळालं नाही" एवढ्यावर त्रुटी निघते.

मुंबईच्या पारशी बॅरोनेटांची गंमत वेगळीच. जीजीभॉय घराण्यासाठी १८६० मध्ये खास कायदा झाला. किताबावर येणाऱ्या प्रत्येकाने "जमशेटजी जीजीभॉय" हेच नाव घ्यायचं. पेटिटांच्या घरीही तेच. दुसरे बॅरोनेट हे पहिल्यांचे नातू. जन्मनाव जीजीभॉय फ्रामजी, गादीवर आल्यावर दिनशा माणेकजी. म्हणजे जन्मदाखल्यावर एक नाव, मृत्यूदाखल्यावर दुसरं, आणि तेच नाव आजोबांचंही. अशा घरात प्रत्येक नावापुढे साल लिहिल्याशिवाय वंशावळ देऊ नका, तपासणाऱ्यालाही चक्कर येते.

हिंदू विवाहाबद्दल विचारणारेही असतात. बंगालमधल्या रायपूरच्या लॉर्ड सिन्हांना १९१९ मध्ये वंशपरंपरेने चालणारी बॅरन ही पदवी (बॅरोनेट नव्हे, लॉर्डपद) मिळाली. त्यांच्या मुलाचा हक्क १९३९ साली उमरावांच्या सभागृहापुढे मान्य झाला, पण प्रश्न आला होता तो असा: ज्या विवाहात कायद्याने दुसरी बायको करता येते, त्यातला मुलगा वारस कसा? उत्तर निघालं कारण मुलाच्या जन्माआधीच दांपत्य "साधारण ब्राह्मो समाज" या पंथात गेलं होतं आणि तिथे एकपत्नीत्वच होतं. कुठल्या पद्धतीने, कधी लग्न झालं याचा कागद म्हणूनच महत्त्वाचा.

मुदतीचा घोळ तर विचारू नका. बॅरोनेट वारल्यावर पाच वर्षांत कोणी हक्क सिद्ध केला नाही तर तो किताब यादीत "सुप्त" दाखवतात. लोक हे वाचून घाबरतात आणि अर्धवट कागद घाईने पाठवतात. सुप्त म्हणजे रद्द नव्हे. पाच वर्षं ही अर्जाची मुदत नाही. बारा महिन्यांची जी मुदत लोक सांगतात ती १९६३ च्या कायद्यातली, लॉर्डपद सोडून देणाऱ्यांसाठी आहे. तिचा बॅरोनेटशी संबंध नाही. सावकाश करा, पण पूर्ण करा.

उशिराने हक्क जात नाही याचं टोकाचं उदाहरण स्कॉटलंडचं. स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याची १६८३ ची बॅरोनेटसी. दहावे बॅरोनेट २०१३ मध्ये वारले आणि वाद प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीपर्यंत गेला. डीएनए चाचणीत निघालं की नववे बॅरोनेट हे आठव्यांचे पुत्रच नव्हते. २०१६ मध्ये समितीने तो पुरावा ग्राह्य धरला आणि किताब धाकट्या पातीकडे गेला. मधे जवळपास शंभर वर्षं गेली होती! तेव्हापासून काहीजण हौसेने डीएनएचा अहवाल अर्जाला जोडतात, त्यात "बावीस टक्के स्कँडिनेव्हियन" वगैरे. त्याचा काही उपयोग नाही. कोणाच्या नमुन्याशी कोणाचा नमुना जुळवला, हे त्यात नसेल तर तो फक्त एक रंगीत तक्ता आहे. आणि जुळला तरी लग्नाचा दाखला लागतोच.

ब्रिटिश घराण्यांच्या वंशावळी छापणाऱ्या बर्कच्या ग्रंथाचं पानही पुरावा नव्हे. तिथली माहिती बऱ्याचदा घराण्यांनीच पुरवलेली. शोधाची दिशा म्हणून वापरा. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांबद्दल बोलतही नाही. आडनावाचं "कुलचिन्ह" विकणारी दुकानंही सोडून द्या, इंग्लंडमध्ये चिन्ह माणसाला आणि त्याच्या पुरुष वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

बाकी प्रक्रिया सरळ आहे. कागद क्रमाने लावा, प्रत्येकावर वंशावळीतला आकडा टाका, कॉलेज ऑफ आर्म्सला पत्र लिहून सुरुवात करा, मागतील ते द्या, वाट पाहा. वाट मात्र लांब असते. वडील हयात असतील आणि त्यांचं नाव अजून रोलवर नसेल, तर आधी त्यांचंच चढवून घ्या. मग तुम्हाला फक्त तिथून पुढचेच कागद लागतील.