आश्रयबंदर

ठरलेल्या प्रवासात जेथे थांबायचे नव्हते, परंतु वादळ, आग, गळती, यंत्राचा बिघाड किंवा इंधन-पाण्याची टंचाई यांमुळे जहाजाला ज्याचा आसरा घ्यावा लागतो, असे बंदर. बंदराच्या सोयी नसलेली खाडी किंवा नुसती आडोशाची नांगरणीची जागाही या अर्थात मोडते. म्हणून अलीकडच्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांत ‘आश्रयस्थान’ हा व्यापक शब्द आढळतो. थांबा नाइलाजाचा होता की ठरलेला, हा भेद महत्त्वाचा आहे. कारण खर्च कोणी सोसायचा आणि जहाजावर कोणाचा कायदा चालायचा, हे त्यावर ठरू शकते.

एकाने सर्वांसाठी सोसलेली हानी जहाजमालक व मालधनी यांनी वाटून घ्यावी (सामाईक हानी, इं. जनरल ॲव्हरेज), या तत्त्वाचे मूळ ग्रीक ऱ्होड्स बेटाच्या सागरी कायद्यात दाखवण्याची प्रथा आहे. जुने लेखक हा कायदा इ. स. पू. सुमारे 900 इतका मागे नेतात. त्याला समकालीन पुरावा नाही. ऱ्होड्सच्या सागरी व्यापाराचा बहर पाहता इ. स. पू. तिसरे-दुसरे शतक अधिक संभवनीय वाटते. ‘ऱ्होडियन सागरी कायदा’ याच नावाचा बायझंटाइन संग्रह मात्र निराळा असून त्याचा काळ साधारणपणे 600 ते 800 यांच्या दरम्यान मानतात. या दोहोंची गल्लत जुन्या संदर्भग्रंथांत वारंवार झालेली आहे.

आश्रयबंदराच्या दृष्टीने खरा मोलाचा आधार रोमन सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या विधिसंग्रहात (533) आहे. तेथे दुसऱ्या शतकातील विधिज्ञ ज्युलियन याचे मत उद्धृत केले आहे. एका जहाजावर वादळात वीज पडून डोलकाठी, परबाण (शिडाचे आडवे लाकूड) आणि इतर सरंजाम जळाला. ते हिप्पो येथे लागले, तेथे तात्पुरता सरंजाम चढवून रोमचे बंदर ऑस्टिया येथे गेले आणि सगळा माल सुखरूप पोहोचला. मालधन्यांनी या खर्चाचा वाटा उचलावा काय? ज्युलियनचे उत्तर नकारार्थी आहे : हा खर्च माल वाचवण्यापेक्षा जहाज सज्ज करण्यासाठी झाला. हिप्पो नावाची बंदरे दोन होती, एक आजचे अल्जीरियातील अन्नाबा व दुसरे ट्युनिशियातील बिझर्ट. उताऱ्यात त्यांचा भेद केलेला नाही.

ज्युलियनने घातलेला हा पेच सतराशे वर्षे टिकला. डोलकाठी मुद्दाम तोडावी लागल्याने जहाज आश्रयबंदरात गेले, तर दुरुस्तीसाठी उतरवलेला माल पुन्हा भरण्याचा खर्च सामाईक ठरतो, असे इंग्लंडमध्ये ‘ॲटवूड विरुद्ध सेलर’ (1880) या खटल्यात ठरले. नुसत्या गळतीमुळे गेलेल्या जहाजाला मात्र हा लाभ ‘स्वेन्डसेन विरुद्ध वॉलेस’ (1885) मध्ये नाकारला गेला. व्यापाऱ्यांना व विमेदारांना असा सूक्ष्म भेद सोयीचा नव्हता. यॉर्क (1864) व अँटवर्प (1877) येथील परिषदांतून साकारलेल्या यॉर्क-अँटवर्प नियमांनी तो बाजूला ठेवला. त्यांतील दहाव्या नियमानुसार सर्वांच्या सुरक्षिततेसाठी आश्रयबंदरात शिरण्याचा आणि मूळ मालासह तेथून निघण्याचा खर्च सामाईक असतो. पुढील सुरक्षित प्रवासासाठी दुरुस्ती आवश्यक असेल, तर त्यासाठी माल उतरवण्याचा व पुन्हा भरण्याचा खर्चही त्यात येतो. दुरुस्तीच्या मुक्कामातील खलाशांचे वेतन 2004 च्या आवृत्तीत वगळले गेले, ते 2016 मध्ये पुन्हा आले. भारतात सामाईक हानीची व्याख्या सागरी विमा अधिनियम, 1963 मध्ये आहे.

संकटग्रस्त जहाजाने परक्या बंदरात शिरणे हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व ‘एलिनॉर’ खटल्यात (1809) इंग्रज न्यायाधीश सर विल्यम स्कॉट यांनी स्पष्ट केले. संकट मात्र खरे व अनिवार हवे. ‘रिबेका’ हे अमेरिकी जहाज 1884 मध्ये वादळाने मेक्सिकोतील टॅम्पिकोत ढकलले गेले आणि कागदपत्रांच्या सबबीवर जप्त झाले. 1929 मध्ये अमेरिका-मेक्सिको दावा आयोगाने मेक्सिकोला भरपाई द्यायला लावली.

मराठी वाचकाला या संदर्भात सावरकरांना कैदी म्हणून भारतात नेणारी ‘मोरिया’ बोट आठवते. यंत्र बिघडल्याने ती अचानक मार्सेल्सला लागली व 8 जुलै 1910 रोजी विनायक दामोदर सावरकरांना उडी घेण्याची संधी मिळाली, असे पुष्कळदा लिहिले जाते. तथापि हेग येथील लवाद न्यायालयाच्या 24 फेब्रुवारी 1911 च्या निर्णयात लंडनच्या पोलिसप्रमुखांनी फ्रेंच पोलिसांना पाठवलेल्या 29 जून 1910 च्या पत्राचा उल्लेख आहे. बोट 7 किंवा 8 जुलैला मार्सेल्सला लागेल, असे त्यात नमूद होते. त्यामुळे थांबा आधीच ठरलेला होता हे मत ग्राह्य धरणे योग्य, आणि म्हणून मार्सेल्सला येथील अर्थाने आश्रयबंदर म्हणता येत नाही. उडीचे धाडस यामुळे तसूभरही उणे होत नाही.

माणसांना आसरा द्यावा याबद्दल वाद नाही. तेलवाहू जहाजांबाबत किनाऱ्यावरची राष्ट्रे दार लावून घेतात. ‘प्रेस्टीज’ या तेलवाहू जहाजाला नोव्हेंबर 2002 मध्ये स्पेनने किनाऱ्यापासून दूर धाडले. सुमारे 77,000 टन जड तेलासह ते भर समुद्रात दुभंगले आणि स्पेनमधील गॅलिसियाचा किनारा काळवंडला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2003 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे केली, 2023 मध्ये ती सुधारली. आसरा देण्याची सक्ती त्यांत नाही.

कोकणात देवगड, विजयदुर्ग व जयगड ही आसऱ्याची जुनी ठिकाणे होत. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध नसल्याने विजयदुर्ग विशेष सुरक्षित मानले जाई. बंदरावर तीन नंबरचा (वादळाच्या इशाऱ्याचा) बावटा लागला की परप्रांतीच्या नौकाही येथे नांगर टाकतात. ओखी वादळाच्या वेळी, डिसेंबर 2017 च्या आरंभी, केरळच्या 66 व तमिळनाडूच्या 2 नौका 952 मच्छीमारांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या.