अंगणातल्या रेघोट्या म्हणजे वेळ वाया नव्हे

सांगलीत बालवाडीच्या दारात हे हमखास ऐकू येतं: "पोरगं मातीत रेघोट्या ओढत बसतंय, अ-आ-ई कधी गिरवणार?" हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे.

लिहिणारी बोटं तयार होण्याआधी खांदा आणि कोपर तयार व्हावे लागतात. कृष्णाकाठच्या ओल्या मातीत काटकीनं, फरशीवर खडूनं मोठा गोल काढताना अख्खा हात फिरतो. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढू लागतं, चौथ्याच्या आसपास फुली. त्रिकोण पाचव्याच्या सुमारास. आता 'ठ' बघा: गोल आणि वर छोटी दांडी. 'व', 'ब', 'क' यांतही तेच गोल, त्याच दांड्या. अडीच वर्षांच्या मुठीत पेन्सिल कोंबून ते लवकर येत नाही.

त्याहून मोलाची गोष्ट वेगळीच. वाकड्या गोलाकडे बोट दाखवून मूल म्हणतं, "ही आज्जी." खूण म्हणजे अर्थ, हे त्याला उमगलेलं असतं, आणि वाचन त्यावरच उभं राहतं. तेव्हा "आज्जीच्या हातात काय आहे?" असं विचारा, आणि मुलासमोर चित्राखाली 'आज्जी' लिहा. चित्र सुधारायला मात्र जाऊ नका.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात मुलांना शिकवायला अंगणच निवडलं होतं. 'अंगणवाडी' या शब्दात ते अंगण अजून आहे.