संगणक अचानक बंद पडणे आणि संशयास्पद स्टार्टअप प्रोग्रॅम

चालू संगणक कोणी न सांगता बंद होणे, स्वतःहून रिस्टार्ट होणे किंवा ब्लू स्क्रीन दाखवून थिजणे, याला सरसकट ‘क्रॅश’ म्हणतात. विंडोज सुरू होताच कोणी न उघडता जे चालू लागतात ते स्टार्टअप प्रोग्रॅम. त्यांतल्या ज्यांचा धनी कोण, काम काय, हे कळत नाही ते संशयास्पद. पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात ‘सीपीयू’ घेऊन (इथे सीपीयू म्हणजे प्रोसेसर नव्हे, अख्खी पेटी) येणारे गिऱ्हाईक या दोन्ही तक्रारी बहुधा एका दमात सांगते: पीसी आपोआप बंद पडतो, आणि चालू केला की काळी खिडकी उघडून मिटते, म्हणजे व्हायरसच. हा ‘म्हणजे’ घाईचा आहे. दोन्ही तक्रारी खऱ्या असूनही त्यांची कारणे वेगळी असू शकतात, आणि त्यांची गल्लत झाली की चांगली विंडोज पुसली जाते व खराब एसएमपीएस (पेटीतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) पेटीत तसाच राहतो.

बंद कसा पडतो, हे आधी पाहायचे. प्लग उपटल्यासारखा संगणक एका क्षणात विझत असेल, पडद्यावर अक्षरही उमटत नसेल, तर संशय वीज आणि उष्णता यांच्यावर घ्यावा. महावितरण देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवते हे पुणेकरांच्या अंगवळणी पडलेले आहे. वीज येता-जाताना दाब २३० व्होल्टच्या आसपास स्थिर राहीलच असे नाही, आणि यूपीएसशिवाय चालणाऱ्या पीसीचा एसएमपीएस हे धक्के निमूट सोसत राहतो. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी साधारण दोन-चार वर्षांत दमते. मग दिवे नुसते लुकलुकले तरी पीसी बंद पडतो आणि बोल पीसीला लागतो. एप्रिल-मेमध्ये शहराचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पंख्यात अडकलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारा लेप) आपले खरे रूप दाखवतात: प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या घरात पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही निभावले नाही तर जीव वाचवण्यासाठी बंद होतो. गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करतानाच बंद पडणारा, पण रात्रभर नुसता चालू ठेवला तर टिकणारा पीसी याच जातीचा. जुन्या मदरबोर्डवर कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली तर पुढचा तपास करायची गरज उरत नाही.

पावसाळ्यात रॅमच्या संपर्कपट्ट्या काळवंडतात. रॅम काढून खोडरबराने पुसून परत बसवणे हा दुकानांतला उपाय ऐकायला घरगुती वाटतो, पण बऱ्याचदा लागू पडतो. प्लग काढलेला हवा, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडता कामा नये, एवढेच पथ्य.

ब्लू स्क्रीन येत असेल तर उलट आनंद मानावा, कारण विंडोज मरताना जबानी देऊन जाते. (विंडोज ११मध्ये २०२५ साली निळा पडदा जाऊन काळा आला, नाव मात्र लोकांच्या तोंडी निळेच आहे.) मूळ सेटिंगमध्ये संगणक लगेच रिस्टार्ट होतो, म्हणून ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’वरची खूण आधी काढायची म्हणजे कोड वाचता येतो. विंडोजच्या फोल्डरात ‘मिनीडंप’ नावाच्या जागी त्या क्षणाची फाइल पडते. तिच्यात बऱ्याचदा दोषी ड्रायव्हरचे (हार्डवेअर व विंडोज यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅमचे) नाव सापडते. दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर रॅमची चाचणी आधी. ‘व्हिया’ने (WHEA) सुरू होणारा कोड हार्डवेअरकडे बोट दाखवतो. विंडोजच्या नोंदवहीतली, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेक जण वीजपुरवठा बदलायला धावतात. पण ती फक्त एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. का झाला नव्हता, ते तिलाही माहीत नसते. त्यापेक्षा ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडावा: तारखांच्या पट्टीवर लाल फुल्या कधीपासून सुरू झाल्या आणि त्याच्या आदल्या दिवशी काय इन्स्टॉल केले, हे शेजारी शेजारी दिसते.

यातले काहीही न पाहता ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणारे कमी नाहीत. फॉरमॅटने डंप फाइली, लॉग, स्टार्टअपच्या नोंदी असा सगळा पुरावा धुतला जातो. दोष हार्डवेअरचा असेल तर आठवड्याने तोच पीसी परत येतो, या खेपेला फोटोंशिवाय.

स्टार्टअप प्रोग्रॅम एका जागी राहत नाहीत, हीच त्यांच्या तपासातली मेख. टास्क मॅनेजरचा ‘स्टार्टअप’ टॅब सगळ्यांना ठाऊक असतो. त्याखेरीज रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारातल्या) ‘रन’ व ‘रनवन्स’ नोंदी, ठरल्या वेळी कामे सुरू करणारा टास्क शेड्यूलर, पार्श्वभूमीत चालणाऱ्या सर्व्हिसेस, ब्राउझरची एक्स्टेन्शन आणि ड्रायव्हर यांतूनही प्रोग्रॅम उठतात. हे सारे एका यादीत दाखवणारे ‘ऑटोरन्स’ हे साधन सिसइंटर्नल्सचे. मार्क रुसिनोविच व ब्राइस कॉग्सवेल यांनी उभी केलेली ही साधने २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली आणि ती आजही मोफत मिळतात. नोंद पाहताना तीन गोष्टी पाहायच्या: फाइल कुठे आहे, तिच्यावर डिजिटल सही कोणाची, आणि ती कधी आली. ‘एसव्हीसीहोस्ट’ सिस्टम३२ फोल्डरात असेल तर ती विंडोजची. तेच नाव वापरणाऱ्याच्या अॅपडेटा फोल्डरात, किंवा अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेले दिसले, तर तोतया.

नुसते अनोळखी नाव म्हणजे संशयित नव्हे. टास्क मॅनेजरमध्ये कधी कधी पांढऱ्या चिन्हाची, प्रकाशकाचे नाव नसलेली ‘प्रोग्रॅम’ एवढीच नोंद दिसते आणि पाहणारा हादरतो. काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची ती बहुधा उरलेली सावली असते. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हा पत्ता अवतरणचिन्हांविना लिहिला गेल्याने मधल्या मोकळ्या जागेवर तुटतो आणि ‘प्रोग्रॅम’ एवढेच उरते. पुण्यातल्या डीटीपीवाल्यांकडचे उदाहरण याहून बोलके. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे आयएसएम किंवा मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी, दोन्ही याच शहरातली. मराठी टंकनासाठी त्यांना प्रत्येक कळ आपल्याकडे वळवून घ्यावी लागते. पार्श्वभूमीत बसून कळा ऐकणे हे कीलॉगरचेही (टंकलेले चोरून नोंदवणाऱ्या प्रोग्रॅमचेही) वर्णन आहे. उत्साही भाच्याने स्टार्टअप ‘साफ’ केल्यावर दुसऱ्या दिवशी लग्नपत्रिकेत देवनागरीऐवजी रोमन अक्षरे उमटली, तर नवल नाही.

खरा उपद्रवी पाहायचा तर ‘शॉर्टकट व्हायरस’. महाविद्यालयांच्या परिसरातल्या झेरॉक्सच्या दुकानांत प्रोजेक्ट छापायला दिलेला पेन ड्राइव्ह हे त्याचे आवडते वाहन. तो मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतो. क्लिक केल्यावर आधी स्वतःची स्क्रिप्ट चालवतो, मग फोल्डरही उघडून देतो, त्यामुळे शंका येत नाही. पीसीत शिरला की ‘रन’ नोंदीत आणि स्टार्टअप फोल्डरात ठाण मांडतो. काढताना क्रम चुकवू नये: आधी ती स्क्रिप्ट चालवणारी ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ प्रक्रिया थांबवायची, मग नोंद, मग फाइल, आणि पेन ड्राइव्ह सगळ्यात शेवटी लपवलेले फोल्डर परत दाखवणाऱ्या ‘अॅट्रिब’ आज्ञेने मोकळा करायचा. आधी पेन ड्राइव्ह साफ केला तर पीसी त्याला पुन्हा बाधवतो. फाइल गेली पण नोंद राहिली, तर दर वेळी ‘स्क्रिप्ट फाइल सापडत नाही’ अशी चौकट येते. तो व्हायरस नसून त्याची रिकामी खुर्ची असते. फुकटात विंडोज ‘अॅक्टिव्हेट’ करणारी साधने टास्क शेड्यूलरमध्ये जे सोडून जातात, ते मात्र एवढे सरळ नसते.

क्रॅश आणि स्टार्टअप यांचे नाते सगळ्या जगाला दिसले ते १९ जुलै २०२४ रोजी. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ब्लू स्क्रीन आणि रिस्टार्टच्या फेऱ्यात अडकले. भारतात विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. विंडोजबरोबरच सुरू होणारा हा दोषी ड्रायव्हर सहीचा, नामांकित आणि राखणीसाठीच बसवलेला होता. सुटका सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांनिशी विंडोज सुरू करून) जाऊन एक फाइल पुसण्यात होती.

पुण्याचा या विषयाशी संबंध दुरुस्तीच्या टेबलावरूनच आला. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलाश काटकर आणि अँटीव्हायरस लिहिणारे त्यांचे बंधू संजय यांची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी २००७मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली. १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने बनवलेली ‘यूएसबी प्रतिरोध’ आणि फक्त परवानगी दिलेलेच प्रोग्रॅम चालू देणारे ‘अॅपसंविद’ ही साधने केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे २०१७पासून विनामूल्य दिली गेली.

संशयित नोंद एकदम पुसू नये. ‘डिसेबल’ करून, रिस्टार्ट करून पाहावे. बऱ्याच असतील तर निम्म्या बंद करायच्या, त्रास थांबला का पाहायचे, मग उरलेल्यांतल्या निम्म्या. घातक प्रोग्रॅम खरोखर सापडला तर पासवर्ड त्याच पीसीवरून न बदलता दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत, आणि खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवावे. दुकानात पेटी नंतर नेली तरी चालते.