पॅनेलवर लाल, पण पिंग तर जातंय

दर पावसाळ्यात एकदा तरी हा घोळ होतोच. हर्णै बंदरावरच्या बर्फ फॅक्टरीतला वजनकाट्याचा पीसी आमच्या दापोलीच्या पॅनेलवर (कुठलं मशीन चालू, कुठलं बंद ते दाखवणारा स्क्रीन) लाल, म्हणजे बंद, दिसतो, मी सर्व्हरवर शिरून पिंग मारतो, म्हणजे त्या मशीनला नेटवर्कवरून "आहेस का?" विचारतो, तर टकाटक रिप्लाय, आणि फोनवर तिथला दादा वैतागून सांगतो, "अरे चालूच आहे मशीन, आत्ताच पावती काढली." दादा खरं बोलतोय, पिंग पण खरं, आणि पॅनेल खोटं बोलत नाहीये, त्याने विचारलंच काहीतरी वेगळं.

मुळात हे काम कुकाऱ्याचं. पऱ्याच्या अलीकडून कुकारा घातला की पलीकडच्या वाडीतून कुकारा येतो, बोलणं काही नाही, माणूस आहे एवढं कळलं बस. नेटवर्कसाठी ही सोय सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ७९२ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात लिहून ठेवली, तीच आयसीएमपी: टाइप ८ चा एको (हाक) जातो, टाइप ० चा परत येतो. यात पोर्ट (मशीनवरचं एकेक सॉफ्टवेअर ज्या नंबरच्या दारावर ऐकतं ते) नावाची भानगडच नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पिंग हा प्रोग्रॅम आला डिसेंबर १९८३ मध्ये. अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबमधल्या माइक म्यूस यांच्याकडे नेटवर्क विचित्र वागत होतं, डेव्ह मिल्स यांनी एको वापरून वेळ मोजायची कल्पना आधी बोलून दाखवली होती, ती आठवून म्यूसनी एका रात्रीत साधारण हजार ओळी लिहून काढल्या. गंमत म्हणजे पहिलं पिंग जाण्याआधीच चक केनेडी यांनी नेटवर्कच्या हार्डवेअरमधला मूळ बिघाड शोधून दुरुस्तही केला होता! नाव सोनार या पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून, आपल्या ट्रॉलरवरचा फिश फाइंडर पण त्याच भावकीतला. नंतर कुणीतरी पिंगचा आवाज स्पीकरवर मोठ्याने लावून बिल्डिंगभर केबलचे कनेक्टर हलवत फिरला आणि आवाज तुटला तिथे लूज जोड सापडला, हा किस्सा म्यूसनीच लिहून ठेवलाय.

आता अडचण. असं एकोचं पॅकेट हाताने बनवायला रॉ सॉकेट (नेटवर्कवर थेट पॅकेट सोडायची वाट) लागतो आणि युनिक्सवर तो फक्त रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युझरला. म्हणून पिंगची फाइल वर्षानुवर्षं सेटयूआयडी रूट, कोणीही चालवली तरी तेवढ्यापुरता रूटचा अधिकार मिळायचा. वेब सर्व्हर मात्र मुद्दाम गरीब, म्हणजे कमी अधिकारांच्या, युझरवर चालवतात, त्याला रॉ सॉकेट कोण देणार? मग लोकांनी पीएचपी या वेबसाइटच्या भाषेतून थेट पिंग कमांडच चालवायला सुरुवात केली, आणि पत्त्याच्या चौकटीत कोणी आयपीपुढे अर्धविराम टाकून दुसरी कमांड लिहिली की तीही चालायची. हे भोक इतकं कॉमन की सिक्युरिटी शिकवताना आजही बहुतेक हेच उदाहरण देतात. ब्राउझरचं तर विचारूच नका, तिथे आयसीएमपी नाहीच, एखादं चित्र लोड होतंय का बघायचं आणि अंदाज बांधायचा. (ब्राउझर स्वतः देतो ते नेव्हिगेटर डॉट ऑनलाइन हे उत्तर फक्त आपलं मशीन नेटवर्कला जोडलंय का एवढंच सांगतं, त्याच्या भरवशावर राहू नका.)

आमचं पॅनेल जावाचं. जावा ५ मध्ये, म्हणजे २००४ ला, इझरीचेबल नावाची मेथड आली, ती अधिकार असेल तर खरा एको पाठवते, नसेल तर गुपचूप टीसीपीने, म्हणजे नेहमीच्या कनेक्शनने, पोर्ट ७ वर जाऊन बघते. पोर्ट ७ ही १९८३ ची एको सर्व्हिस, आज कोण चालू ठेवतं! तरी "कनेक्शन नाकारलं" असं उत्तर आलं तरी ती होस्ट जिवंत धरते, बरोबरच आहे, नाही म्हणायला पण घरात माणूस लागतोच. पण काट्याच्या पीसीवरच्या विंडोजचा फायरवॉल (नको ती कनेक्शनं अडवणारा पहारेकरी) नाकारत नाही, गप्प बसतो. टाइमआउट झाला, म्हणजे वाट बघायची वेळ संपली, की लाल.

उलटं पण होतं. ९० च्या दशकाच्या शेवटी पिंग ऑफ डेथ, स्मर्फ असले पिंगच वापरून केलेले हल्ले झाल्यावर बऱ्याच ठिकाणी आयसीएमपीच बंद केलं, तिथे वेबसाइट मस्त चालते आणि पिंग मेलेलं. लिनक्समध्ये २०११ पासून रूटशिवाय पिंगची सोय आहे, पण ती कुठल्या ग्रुपला मिळते ते सेटिंगवर ठरतं.

मी शेवटी इझरीचेबल काढून टाकलं आणि काट्याचं सॉफ्टवेअर ज्या पोर्टवर ऐकतं तिथेच तीन सेकंदांच्या टाइमआउटने कनेक्ट करून बघतो. फक्त ते सॉफ्टवेअर आतून हँग झालं तरी पोर्ट कधीकधी कनेक्शन घेतच राहतो, पॅनेल हिरवंगार, त्याला अजूनही दादाचा फोनच.