अमेरिकन फुटबॉल : नियमांनी घडवलेल्या खेळाडूंच्या जागा

अमेरिकन फुटबॉलचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याला क्वार्टरबॅक, टॅकल, लाइनबॅकर, सेफ्टी ही नावे कानावर पडतात, पण मैदानावरच्या झटापटीत कोणाचे काम नेमके काय, हे उमगत नाही. नावे पाठ करण्यापेक्षा त्या जागा कशा निर्माण झाल्या हे समजून घेणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण बहुतेक जागांच्या मुळाशी एखादा नियमबदल आहे.

६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेल्या सामन्यात प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन पळण्यास मनाई होती. पुढे रग्बीचा प्रभाव वाढला. खरे वळण आले ते १८८० मध्ये, येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने. संघ ११ जणांचा झाला आणि रग्बीतल्या घोळक्याऐवजी चेंडू एका संघाच्या निर्विवाद ताब्यात देऊन खेळ सुरू करण्याची पद्धत आली. मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, चेंडू मागे सरकवी. तो प्रथम घेणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हटले गेले, मात्र त्याने स्वतः चेंडू घेऊन पुढे धावायचे नाही, असे बंधन होते. म्हणजे आज संघाचा सूत्रधार मानला जाणारा हा खेळाडू आरंभी केवळ चेंडू पुढच्या हाती सोपवणारा होता. ताबा मिळालेला संघ चेंडू सोडीनासा झाला, म्हणून १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जाण्याची अट आली.

या अटीमुळे खेळ धडकाधडकीचा झाला. १९०५ च्या हंगामातील मृत्यूंनी देश हादरला आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्याची परवानगी मिळाली. सुरुवातीच्या अटी जाचक होत्या, पण त्या सैल होत गेल्या तसतसा दूर पळत जाऊन चेंडू झेलणाऱ्याला आणि त्याला रोखणाऱ्यालाही महत्त्व आले. ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाच्या डॉन हटसन यांनी १९३५ पासून झेलणाऱ्याची कला कुठवर जाऊ शकते, हे दाखवून दिले.

क्वार्टरबॅकचे भाग्य मात्र उशिरा उजळले. त्या काळी प्रचलित असलेल्या 'सिंगल विंग' रचनेत चेंडू सहसा मागे उभ्या असलेल्या टेलबॅक या खेळाडूकडे जाई आणि क्वार्टरबॅक मुख्यतः इतरांसाठी वाट मोकळी करी. ८ डिसेंबर १९४० रोजी शिकागो बेअर्सने 'टी' रचनेच्या बळावर एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा ७३-० असा धुव्वा उडवला. सेंटरच्या लगेच मागे वाकून उभा राहणारा क्वार्टरबॅक आता प्रत्येक चालीचा आरंभबिंदू ठरला.

तरीही सर्वांत मोठा बदल खेळाडू बदलण्याच्या नियमाने घडवला, असे माझे मत आहे. पूर्वी तेच ११ जण आक्रमणही करीत आणि बचावही. १९४५ मध्ये आर्मी या लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघासमोर मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांनी दोन्ही कामांसाठी वेगवेगळ्या तुकड्या उतरवल्या. सामना ते २८-७ ने हरले, पण कल्पना टिकली. एनएफएलने १९५० मध्ये अमर्याद बदल कायमचे मान्य केले आणि एकाच कामात तरबेज असलेल्या खेळाडूंचे युग सुरू झाले. १९६० च्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाचे चक बेडनारिक आक्रमणात सेंटर आणि बचावात पुढच्या फळीमागे उभा राहणारा लाइनबॅकर अशा दोन्ही जागी खेळले, तेव्हाच ती दुर्मीळ गोष्ट झाली होती. पुढे १९८१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडे आलेले लाइनबॅकर लॉरेन्स टेलर इतक्या वेगाने क्वार्टरबॅकवर तुटून पडत, की उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ सांभाळणारा डावा टॅकल, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या फळीत डाव्या कडेला उभा राहणारा खेळाडू, ही संघातली अत्यंत मोलाची जागा होऊन बसली.