डोंगरउतारावरची सामुदायिक संधारण शेती

उताराच्या जमिनीवर पीक घेताना माती आणि पाणी जागच्या जागी धरून ठेवायचं, आणि हे काम एकट्यादुकट्याने नाही तर अख्ख्या वस्तीने मिळून करायचं, अशी ही पद्धत. याच्यात उताराला आडव्या अशा झुडपांच्या किंवा गवताच्या पट्ट्या, मधल्या जागेत पिकं, जमीन उघडी पडू न देणं, जोडीला फळझाडं नि शेळ्या असं सगळं येतं. कमी नांगरट, कायम आच्छादन आणि पिकांची फेरपालट ही जी त्रिसूत्री सपाट रानासाठी सांगतात ती इथेही लागू आहेच, पण उतारावर तेवढ्याने भागत नाही, कारण इथे पाणी नुसतं पडत नाही तर पळतं, आणि पळताना वरचा कसदार थर घेऊन जातं. जगभर याचे प्रयोग झालेत, त्यातला फिलिपिन्सचा अनुभव सगळ्यात शिकण्यासारखा आहे, म्हणून ही नोंद मुख्यतः तिथलीच आहे.

फिलिपिन्सच्या डोंगरात शेती नवीन नाही. उत्तरेकडच्या इफुगाओ लोकांच्या भातखाचरांना 1995 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, पण ती दगडमातीच्या भिंतींची, पाटाच्या पाण्याची आणि पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या हातांची शेती आहे, ती दुसरीकडे उचलून नेता येत नाही. विसाव्या शतकात जंगलतोड झाली, खालच्या सपाट भागातली भूमिहीन माणसं वर सरकली आणि तोडलेल्या जंगलाच्या जागी मका लावायला लागली. मक्याचं रान पेरणीनंतरचे काही आठवडे जवळपास उघडंच असतं, त्यात जोराचा पाऊस आला की काय होतं हे वेगळं सांगायला नको. आधी लोक जागा बदलून शेती करायचे, जुनी जागा काही वर्षं पडीक राहून सावरायची. माणसं वाढली तशी ही पडीक वर्षं कमी होत गेली आणि जमीन सावरायच्या आतच पुन्हा नांगराखाली यायला लागली.

यावरचा सगळ्यात गाजलेला उपाय मिंदानाओ बेटावर तयार झाला. दावाओ देल सुर प्रांतात बान्सालानजवळ किनुस्कुसान इथे हॅरल्ड वॉटसन या अमेरिकन मिशनऱ्याने 1971 मध्ये ग्रामीण जीवन केंद्र काढलं, आणि 1978 पासून तिथे एका तुकड्यावर जे करून बघितलं त्यातून 'सॉल्ट' (स्लोपिंग ॲग्रिकल्चरल लँड टेक्नॉलॉजी, म्हणजे उताराच्या जमिनीवरच्या शेतीचं तंत्र) ही पद्धत उभी राहिली. दर चार-पाच मीटरवर उताराला आडवी अशी नत्र धरणाऱ्या झुडपांची दुहेरी रांग दाट लावायची, ती कमरेच्या वर जाऊ न देता सतत छाटायची आणि छाटलेला पाला मधल्या पट्ट्यात पिकाच्या बुडाशी टाकायचा. पाला कुजून खत होतो, रांग माती अडवते, दोन्ही कामं एकाच झुडपाकडून. मधल्या पट्ट्यांपैकी साधारण दर तिसऱ्या पट्ट्यात कॉफी, कोको, केळी, लिंबूवर्गीय झाडं असं कायमचं काहीतरी, बाकीच्यात मका, शेंगा, आलं, अननस आलटून पालटून. केंद्राच्याच मोजणीप्रमाणे अशा शेतातून वर्षाला हेक्टरी 3.4 टन माती गेली, आणि नेहमीच्या पद्धतीने कसलेल्या शेतातून 194.3 टन. वॉटसन यांना 1985 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे याच पद्धतीत शेळ्या घेणारा, मग जंगली झाडांना जास्त जागा देणारा आणि फळबागेवर भर देणारा असे आणखी तीन प्रकार आले.

आडवी रेषा आखायला लागतं ते अवजार इतकं साधं आहे की त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. दोन सारख्या लांबीचे बांबू वर एकत्र बांधायचे, खाली पाय फाकवायचे, मध्ये आडवी काठी बांधायची आणि वरच्या टोकापासून दोरीला दगड लटकवायचा, झाली ए-फ्रेम. आधी ती जुळवून घ्यावी लागते: दोन खुंट्यांवर पाय ठेवून दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करायची, दोन्ही खुणांच्या बरोबर मधे तिसरी खूण, दोरी तिथे आली की दोन्ही पाय एका पातळीत. मग शेतात एक पाय जागेवर ठेवून दुसरा वर-खाली सरकवत जायचं, दोरी मधल्या खुणेवर आली की खुंटी ठोकायची आणि तिथून पुढे. शाळेत न गेलेला माणूसही हे थोड्या वेळात शिकतो. शिवाय मिंदानाओच्या शेतकऱ्यांनी याहून सोपी युक्ती काढली, ती म्हणजे नांगराच्या जनावराची पाठ बघणं. उताराला आडवं नांगरताना जनावराचं डोकं मागच्या भागापेक्षा वर दिसलं तर आपण चढाला लागलोय, खाली दिसलं तर उताराला, आणि पाठ सपाट दिसली तर रेषा बरोबर. अगदी काटेकोर नसते ही रेषा पण गवताच्या पट्टीला तेवढी पुरते.

सॉल्टला पहिला मोठा धक्का किडीने दिला. सुरुवातीला भिस्त सुबाभळीवर होती, आणि 1985 च्या सुमाराला सुबाभळीवरची सिलिड ही रस शोषणारी बारीक कीड फिलिपिन्समध्ये पोचली आणि रांगाच्या रांगा खराटा झाल्या. त्यानंतर गिरीपुष्प, फ्लेमिंजिया, डेस्मोडियम अशी मिसळ लावायची पद्धत पडली, आणि एकाच झाडावर सगळं सोपवायचं नाही हे तिथून पुढच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगितलं जायला लागलं. गंमत म्हणजे सेबू बेटावरच्या नालाद गावचे शेतकरी कुठल्याही केंद्राच्या कितीतरी आधीपासून पडीक वर्षांत सुबाभूळ वाढवत होते, आणि पुन्हा पेरायची वेळ आली की तिच्या तोडलेल्या फांद्या उताराला आडव्या खुंट्यांमागे रचून माती अडवत होते. तज्ज्ञ आले म्हणून शेतकऱ्याला अक्कल आली असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

दुसरा धक्का जास्त खोलवरचा होता, तो म्हणजे मजुरी. झुडपांच्या रांगा दर महिना-दीड महिन्याला छाटाव्या लागतात आणि नेमकी तेव्हाच खुरपणी, पेरणी अंगावर असते, शिवाय ज्या घराला आज रोजगाराला गेल्याशिवाय चूल पेटत नाही ते घर तीन वर्षांनी मिळणाऱ्या फायद्यासाठी आजचे दिवस कसे देणार? उत्तर मिंदानाओच्या क्लावेरिया भागात शेतकऱ्यांना झुडपांच्या रांगा शिकवल्या गेल्या, काहींनी लावल्या, बऱ्याच जणांनी सोडून दिल्या. पण काही जणांनी वेगळंच केलं. रेषा आखली, तिच्यावर पिकाचा काडीकचरा टाकला आणि ती साधारण अर्ध्या मीटरची पट्टी नुसती न नांगरता सोडून दिली, तिच्यावर आपोआप देशी गवत उगवलं आणि त्यानेही माती धरली. रोपं नाहीत, बियाणं नाही, छाटणी फारशी नाही. पुढे शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला आणि 'नैसर्गिक गवतपट्टी' म्हणून हीच गोष्ट शिफारशीत आली. माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा शोध हाच आहे, कारण तो गरीब माणसाच्या वेळेचा हिशोब धरून लागलेला आहे. नंतर ऐपत होईल तशी त्याच पट्टीवर फळझाडं, इमारती लाकडाची झाडं किंवा चारा लावता येतो.

आता 'सामुदायिक' कशासाठी, तर पाण्याला सातबारा कळत नाही. वरच्याने पट्टी राखली नाही तर त्याच्या रानातून आलेला लोंढा खालच्याची पट्टी फोडून घळ पाडतो, म्हणजे खालच्याने कितीही मन लावून केलं तरी ते निम्मं वाया. सेबूच्या डोंगरात यासाठी 'आलायोन' नावाचे गट कामाला आले, पाच-दहा शेतकरी आज याच्या रानात, पुढच्या वेळी त्याच्या रानात असे पाळीपाळीने रेषा आखतात, चर खणतात. क्लावेरियात 1996 मध्ये लँडकेअर गट सुरू झाले, कल्पना 1986 ची ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातली पण रूप पूर्ण स्थानिक, शेतकऱ्यांचे गट, गावपातळीचं सरकार म्हणजे बारांगाय, आणि मदतीला आंतरराष्ट्रीय कृषिवनिकी संस्थेची माणसं. गटांनी स्वतःच्या रोपवाटिका काढल्या, शेतकऱ्यानेच शेतकऱ्याला शिकवलं, आणि तिथून हे शेजारच्या बुकिद्‌नोन प्रांतातल्या लांतापानपर्यंत गेलं. पुढे सरकारी संशोधन परिषदेनेही याच धर्तीवर 'कॉन्झर्व्हेशन फार्मिंग व्हिलेज' हा कार्यक्रम घेतला. बाहेरचा पैसा आणि कार्यकर्ते गेले की काही गट थंडावतात, हेही तितकंच खरं.

जमिनीच्या हक्काचा प्रश्न मात्र गटाच्या हातात नसतो. फिलिपिन्सच्या 1975 च्या वन कायद्याप्रमाणे 18 टक्के किंवा त्याहून जास्त उताराची जमीन सहसा खासगी मालकीची करता येत नाही, म्हणजे डोंगरात राहणारी लाखो माणसं कागदावर सरकारी जंगलात घुसलेली ठरतात. उद्या हाकलतील या भीतीत कोण आंब्याचं झाड लावणार? म्हणून 1980 च्या दशकात 25 वर्षांचे, पुढे आणखी 25 वर्षं वाढवता येणारे करार कुटुंबांना द्यायला सुरुवात झाली, 1995 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने समुदायाच्या नावावर तसेच करार करायचं धोरण आलं आणि 1997 च्या कायद्याने आदिवासींना पूर्वजांच्या भूमीवर हक्क मागता आला. ज्याला आपण इथे राहणार याची खात्री आहे तोच झाड लावतो, तंत्राचं ट्रेनिंग कितीही द्या.

पोटापाण्याचं गणित टप्प्याटप्प्याने जमतं. पहिली एक-दोन वर्षं मका, शेंगा आणि भाजीवरच निभावतं, उलट पट्ट्यांत थोडी जागा गेल्याने उत्पन्न घटल्यासारखंही वाटतं, त्यानंतर केळी, मग कॉफी आणि फळं, लाकूड सगळ्यात शेवटी. शेळ्यांना रांगांचा पाला चालतो आणि लेंडीखत परत रानात येतं, पण शेळ्या बांधूनच ठेवाव्या लागतात, मोकळ्या सुटल्या तर शेजाऱ्याची कोवळी रांग खाऊन टाकतात आणि मग गटातच भांडणं. पट्ट्यांमधली जमीन काही वर्षांत आपोआप पायरीसारखी होते, फक्त त्यात वरच्या कडेची माती खरवडून खालच्या कडेला साठते, त्यामुळे वरच्या ओळीतलं पीक खुरटं आणि खालच्या ओळीतलं जोमदार दिसतं, तेव्हा पाला नि खत वरच्या कडेला जास्त टाकावं लागतं. क्लावेरियासारख्या आम्लधर्मी जमिनीत नुसत्या पाल्याने स्फुरदाची कमतरता भरून निघत नाही, तिथे चुना आणि स्फुरदाचं खत बाहेरून आणावंच लागतं.